नॉर्बसाठी एक खुर्ची

"शेगडी कुठे उतरवू?" ड्वेनने ट्रकची काच खाली करून विचारलं.

नॉर्ब दारासमोरचा बर्फ फावड्याने बाजूला सारत होता. त्याने मान वर करून पाहिलं. ट्रकच्या मागच्या हौद्यात कोळशाची ती मोठी काळी शेगडी दोरांनी करकचून बांधलेली होती. ती पाहिली आणि नॉर्बने फावडं बर्फात रोवलं.

"एवढ्या थंडीत कशाला आणलीस? सॉसेज मी ओव्हनमध्ये लावणार आहे."

"ओव्हनमध्ये?" ड्वेन ट्रकमधून खालीच उतरला. "मॅचच्या दिवशी ओव्हनमध्ये?"

"चांगले होतात रे. आर्डिस करते की अधूनमधून."

"आर्डिसचं सोड. तुझी बायको असली तरी माझी बहीण आहे ती, मी तिच्या हातचं खाऊनच मोठा झालोय, म्हणून तर सांगतोय. अख्ख्या जिल्ह्यात कोळशावर सॉसेज भाजावेत ते नॉर्बने, असं लोक म्हणतात. आणि तू ओव्हनमध्ये लावणार? लोक काय म्हणतील?"

हे 'लोक' म्हणजे ड्वेन स्वतःच. त्याने नॉर्बच्याच मदतीने शेगडी खाली उतरवली, ढकलत ढकलत गॅरेजमध्ये नेली, कोळशाची पिशवी शेजारी ठेवली आणि नॉर्बच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्यासारखा हात नाही बघ कुणाचा," असं म्हणून तो दुपारी येतो म्हणून निघून गेला. ताकाला जाऊन भांडं लपवावं ते ड्वेनने.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या माणसांचं हे असंच आहे. वाईट म्हणून कुणाला तोंडावर बोलायचं नाही. शेजाऱ्याचं घर पेटलं तर आधी थंडीच्या चार गप्पा होतील आणि मग, "तुमच्याकडे आज जरा उजेड जास्त वाटतोय, नाही?" असं विचारतील. त्यामुळे नॉर्ब पनवती आहे, हे गेल्या वीसेक वर्षांत एकाही माणसाने त्याला तोंडावर सांगितलं नव्हतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. नॉर्बलाही ठाऊक होतं. नॉर्बला ठाऊक आहे हेसुद्धा सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तो शब्द उच्चारायचा नव्हता.

झालं होतं ते असं. नॉर्ब गावच्या शाळेत बॉयलर सांभाळायचा. हिवाळ्यात बॉयलरला एकटं सोडून चालत नाही, त्यामुळे ड्वेनच्या तळघरात सगळे तिकडच्या फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या फुटबॉलची, मॅच बघायला जमत तेव्हा नॉर्ब नेहमी उशिरा पोचायचा. पहिल्या खेपेला तो जिना उतरून आला तेव्हा आपली टीम जिंकत आली होती. नॉर्बने टोपी काढली, "काय, जिंकतोय ना आपण?" म्हणाला, आणि त्याच क्षणी आपल्या पळत्या खेळाडूच्या बगलेतून चेंडू निसटला. मॅच गेली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं म्हणून लोकांनी सोडून दिलं. पुढच्या मोसमात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर नॉर्ब अजून जिन्याच्या मधल्या पायरीवर होता, नुसती पायरी करकरली आणि चेंडू प्रतिपक्षाच्या हातात. मग मात्र कावळ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघायला लागले.

त्याच नाताळात ड्वेनने नॉर्बला ही शेगडी भेट दिली. चांगली महागामोलाची. नॉर्बला अगदी गहिवरून आलं. भेट आपली, पण ती राहणार ड्वेनच्या गॅरेजमध्ये, हे त्याला जानेवारीत कळलं.

तेव्हापासून मॅच म्हटली की नॉर्ब बाहेर. पारा शून्याच्या खाली, श्वास मिशीवर गोठतोय, आणि हा गडी चिमट्याने सॉसेज उलटतोय. तळघराच्या बारक्या खिडकीतून उजेड यायचा आणि आरडाओरडा ऐकू यायचा. तशी त्याला त्याची सवय होती. शाळेत तरी वेगळं काय होतं? वर मुलांची नाटकं, नाच, बक्षीस समारंभ. खुर्च्या मांडायच्या नॉर्बने आणि मग खाली बॉयलरपाशी जाऊन बसायचं. टाळ्या त्याला छतातून ऐकू यायच्या. सवयीचा माणूस तक्रार करत नाही, आणि तक्रार न करणाऱ्याला लोक सुखी समजतात.

पण यंदा थंडीने नॉर्बच्या बाजूने कौल दिला. ड्वेनच्या तळघरातला पाण्याचा पाइप गोठून फुटला. घोट्याएवढं पाणी साचलं. ड्वेनने आधी टीव्ही वर नेला, मग बायकोला, म्हणजे लव्हॉनला, हाक मारली, आणि आईचा फोटो तिसऱ्या खेपेला आणला. गालिचा लिबलिबीत झाला, भिंती ओल्या. आणि रविवारी मॅच होती. साधीसुधी नव्हे, ही जिंकली की थेट अंतिम सामना. भाऊ फोनवर रडकुंडीला आलेला ऐकून आर्डिस बोलून गेली, "मग आमच्याकडे या की सगळे!" बोलल्यावर तिने जीभ चावली. पण तोवर शेजारच्या खोलीत नॉर्बने ऐकलं होतं.

नॉर्बला इतका आनंद झाला की त्याला जेवण सुचेना. सरळ हिशोब होता. पाहुण्याला सॉसेज भाजायला बाहेर काढता येतं. यजमानाला त्याच्याच घरातून बाहेर कोण काढणार? बैठकीची खोली आपली, टीव्ही आपला, हप्तेसुद्धा फिटलेले.

शनिवारी त्याने शाळेतून घडीच्या खुर्च्या मागून आणल्या आणि टीव्हीसमोर मांडल्या. सोफ्यावर कोण, कोपऱ्यात कोण, हे ठरवलं. मग स्वतःसाठी एक खुर्ची घेतली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. बसून पाहिलं तर अर्धा टीव्ही दिसत होता. त्याने खुर्ची वीतभर पुढे घेतली. मग इकडेतिकडे बघून आणखी वीतभर.

"काय चाललंय तुझं?" आर्डिसने ओट्यापाशी बटाटे सोलता सोलता विचारलं. बटाटे, चीज आणि भरपूर साय घालून केलेला तिचा तो भाजलेला प्रकार असल्याशिवाय त्या गावात लग्न लागत नाही की माणूस पुरला जात नाही.

"काही नाही. गालिचा सरळ करतोय."

"गालिच्याला काय धाड भरलीय?"

नॉर्ब दारात येऊन उभा राहिला. सोललेला एक बटाटा उचलून हातात फिरवला. मग म्हणाला, "आर्डिस, तुझा विश्वास आहे का त्याच्यावर?"

"कशावर?"

"तुला माहीत आहे कशावर."

आर्डिसने सुरी खाली ठेवली. सगळ्या घराण्यात मॅचचं वेड तिला जास्त. आपली टीम हरली की ती सोमवारी कामावर जायची पण कुणाशी बोलायची नाही. एकदा हरल्यावर तिने नॉर्बच्या वाढदिवसाचा केक न कापताच फ्रिजमध्ये ठेवून दिला होता.

"विश्वास वगैरे काही नाही रे," ती म्हणाली. "असलं काही नसतं. पण तरी... विषाची परीक्षा कशाला बघायची?"

"म्हणजे मी विष."

"नॉर्ब! मी तसं म्हणाले का? बटाटे चिरायला घे."

नॉर्बने बटाटे चिरायला घेतले. खुर्ची मात्र त्याने मागे सरकवली नाही.

रविवारी दुपारी मंडळी जमली. मॅचच्या रविवारी चर्चमध्ये फादर प्रवचन आटोपतं घेतात. नाही घेतलं तर मागच्या बाकावरचे लोक खोकायला लागतात. तिथली लग्नं, बारशी सगळी मोसम बघून ठरतात. मरण कुणाच्या हातात नसतं, पण शेजारच्या एल्रॉयचे वडील मॅच संपेपर्यंत थांबले होते, असं गावात अजून कौतुकाने सांगतात.

दाराशी बुटांचा ढीग झाला. पायमोज्यांवर सगळे आत आले. ड्वेनच्या अंगात टीमचा हिरवा सदरा होता. आपण जिंकत असताना धुवायचा नाही, असा नेम असल्यामुळे तो सदरा सप्टेंबरपासून पाण्याला लागला नव्हता. लव्हॉन त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. एल्रॉय हा जन्मभर गाई राखलेला म्हातारा. आपली टीम किक मारायला उभी राहिली की तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. त्याच्या मते तो बघतो तेव्हा चेंडू लाजतो. आणि व्हर्ना मावशी. ही आर्डिसची आणि ड्वेनची मावशी, नव्वदीला टेकलेली, हातात जपमाळ. ती ड्वेनच्या तळघरातल्या एका ठरावीक खुर्चीखेरीज कुठेच बसायची नाही, म्हणून ड्वेन ती खुर्चीही घेऊन आला होता. खुर्ची अजून ओली होती.

"मावशी, सर्दी होईल हो," लव्हॉन म्हणाली.

"होऊ दे. सर्दीचं औषध मिळतं," मावशी म्हणाली आणि प्लास्टिकची पिशवी अंथरून बसली. "मी देवाकडे काही वाईट मागत नाही. त्यांच्या त्या उंच पोराचा नुसता पाय मुरगळावा. जरासा. सोमवारी बरा झाला तरी चालेल."

म्हणजे खोलीतल्या प्रत्येकाचं काही ना काही होतं. पण त्यांचं ते श्रद्धेत जमा, आणि नॉर्बचं ते पनवतीत.

मॅच सुरू व्हायच्या आधीच ड्वेन म्हणाला, "नॉर्ब, कोळसे पेटले का रे?"

आता, पाहुणा घरी येऊन मागतोय म्हटल्यावर यजमान नाही कसं म्हणणार? नॉर्बने कोट चढवला आणि गॅरेजमध्ये गेला. दार अर्धं उघडून उंबऱ्याशी शेगडी पेटवली. बिअर आणि कांद्यात उकळून ठेवलेले सॉसेज जाळीवर मांडले. घरात एकदम गलका उठला, जमीन हादरली. आपल्या टीमने पहिला हल्ला तडीस नेला होता. थोड्या वेळाने पुन्हा गलका. नॉर्बला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. सॉसेज त्याने एवढे भराभरा उलटले की दोन खाली बर्फात गेले. ते त्याने पुसून ड्वेनसाठी वेगळे ठेवले.

ताट भरून तो आत आला. "वा! वा! काय वास सुटलाय!" सगळे म्हणाले. नॉर्बने ताट टेबलावर ठेवलं, कोट काढला, खुंटीला लावला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

लव्हॉनने पावाचा तुकडा उगाचच दोनदा मोडला.

टीव्हीवर आपल्या मुख्य खेळाडूने चेंडू लांब फेकला आणि तो नेमका त्यांच्या त्या उंच पोराने हवेतच झेलला. पाय न मुरगळता.

"नॉर्ब," ड्वेन टीव्हीवरची नजर न काढता गोड आवाजात म्हणाला, "मोहरीची चटणी कुठे ठेवलीस रे?"

"टेबलावर आहे."

"ती पिवळी. ती दुसरी, तिखट, ती?"

नॉर्ब उठून आपल्या तळघरात गेला. तिखट चटणी शोधेस्तोवर वर जल्लोष झाला, चेंडू परत आपल्याकडे आला होता. तो चटणी घेऊन वर आला, बसला आणि आपला खेळाडू घसरून पडला.

"नॉर्ब, बर्फ संपला वाटतं," एल्रॉय म्हणाला.

बाहेर अख्खा जिल्हा बर्फाखाली गेलेला. नॉर्ब बादली घेऊन गेला. आत टाळ्या. परत आला, बसला. आत हाय हाय.

"नॉर्ब, माझ्या गाडीचे दिवे चालू राहिलेत का, बघतोस जरा?" लव्हॉनने विचारलं. ती ड्वेनच्या ट्रकमधून आली होती, तरी नॉर्ब जाऊन बघून आला. मग मांजर आत घ्यायला गेला. मग मांजर बाहेर सोडायला गेला. बिचारं मांजर कंटाळून शेजारी निघून गेलं.

शेवटी व्हर्ना मावशी जपमाळ थांबवून म्हणाली, "नॉर्ब बाळा, माझा चष्मा ट्रकमध्ये राहिला बघ. आणतोस का?"

नॉर्ब पुन्हा बूट चढवून बाहेर गेला. ट्रकमध्ये हातमोजे काढून त्याने सीटखाली, फटीत, सगळीकडे चाचपून पाहिलं. बोटं बधिर झाली. घरातून टाळ्या ऐकू आल्या. तेव्हा ट्रकच्या दाराला टेकून उभ्या नॉर्बला आठवलं की मावशीचा चष्मा तिच्या नाकावर होता. तिने त्यातूनच तर त्याच्याकडे पाहिलं होतं. मोहरी ठीक, बर्फ ठीक. पण नव्वदीची म्हातारी, हातात जपमाळ, आणि आपल्याला बाहेर घालवायला खोटं बोलली. नॉर्बला एकदम रडूच आलं. थंडीत डोळ्यांतून पाणी येतंच, त्यामुळे कुणी पाहिलं असतं तरी हरकत नव्हती.

तो आत आला. बूट काढले. मावशीसमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, चष्मा तुमच्या नाकावर आहे."

"अगं बाई! खरंच की!" मावशीने नाक चाचपलं. तिचे कान लाल झाले.

नॉर्ब आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "आणखी कुणाला काही हवंय? आत्ताच सांगा. कारण आता मी उठणार नाही."

तिथल्या रीतीत ही जवळजवळ शिवीच होती. सगळे एकदम "नाही, नाही, बैस की! तुझंच घर आहे!" म्हणाले आणि त्यानंतर कुणी कुणाकडे बघितलं नाही. आर्डिस सोफ्याच्या कडेला बसली होती. तिने एकदा नॉर्बकडे पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड फिरवलं.

मॅच बघणं म्हणजे काय, हे नॉर्बला त्या दिवशी कळलं. त्याला आधी जमेना. आपल्या खेळाडूने सुंदर झेल घेतला, सगळे ताडकन उठून ओरडले आणि हा बसूनच. ओरडायचं त्याच्या लक्षात आलं तोवर बाकीचे खाली बसले होते, आणि त्या शांततेत नॉर्ब एकटाच "हे!" म्हणून ओरडला. लव्हॉनला हसू आलं. पुढच्या वेळी मात्र तो वेळेवर उठला. एल्रॉयने नकळत त्याच्या हातावर हात मारला आणि मग दचकून हात पँटला पुसला.

पण आघाडी घटत चालली होती. आधी दहाची सात झाली, सातची एक. मग त्यांच्या किकने ते दोन गुणांनी पुढे गेले. बटाट्यांवर साय धरली, कुणी चमचा लावेना. नॉर्ब खुर्चीत आक्रसत होता. दर वेळी चेंडू निसटला की त्याला वाटे, आपल्याच हातून निसटला.

आणि मग शेवटचे चार सेकंद उरले. चेंडू आपल्याकडे. बाकी काही करायला वेळ नव्हता, फक्त एक किक. समोरच्या दोन उंच खांबांमधून चेंडू गेला की तीन गुण, म्हणजे मॅच आपली. प्रतिपक्षाने वेळ मागून घेतला, त्यामुळे टीव्हीवर ट्रकची जाहिरात लागली. एल्रॉय भिंतीकडे वळला. मावशीची माळ गरागरा फिरायला लागली.

ड्वेन उभा राहिला. त्याचा चेहरा घामाने डबडबला होता. "नॉर्ब, सॉसेज..."

"संपले," नॉर्ब म्हणाला.

"कोळसे विझलेत का, बघून..."

"विझले."

"हात जोडतो तुला!" ड्वेन एकदम फुटला. "एक किक! एवढी एकच किक! गॅरेजमध्ये जा, न्हाणीत जा, कुठेही जा. तू सोन्यासारखा माणूस आहेस, माझ्या बहिणीला तू सुखात ठेवलंस, सगळं कबूल. पण तू पनवती आहेस रे! पनवती आहेस!"

शब्द खोलीच्या मधोमध पडला. वीस वर्षं सगळ्यांनी मिळून सांभाळलेला शब्द. लव्हॉनने तोंडावर हात ठेवला. एल्रॉयने भिंतीकडेच बघत राहणं पसंत केलं.

नॉर्ब उठला. राग आला होता का, तर नाही. त्याला वाटलं, ड्वेनचं तरी काय चुकलं? माणसं रडवेली झाली होती, आणि आपण दोन मिनिटं बाहेर उभं राहिल्याने ती हसणार असतील तर आपलं काय जातंय? त्याने खुंटीवरचा कोट काढला. एक बाही घातली.

"कोट ठेव," आर्डिस म्हणाली.

"असू दे गं. दोन मिनिटांचा तर प्रश्न."

"नॉर्ब, कोट ठेव आणि बस."

"आर्डिस!" ड्वेन ओरडला. "तुझाही विश्वास आहे! नाताळात तूच लव्हॉनला म्हणालीस! आत्ता नाही म्हणू नकोस!"

आर्डिस उभी राहिली. "हो, आहे विश्वास. पहिल्यापासून आहे. तो बसला तर ही किक जाणार नाही, मला शंभर टक्के माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. हे त्याचं घर आहे. तो इथे बसणार."

नॉर्बने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिने आपल्यासाठी असलं काही पणाला लावलेलं त्याने पाहिलं नव्हतं. एक हात कोटात, एक बाहेर, अशा अवस्थेत तो खुर्चीवर बसला. जाहिरात संपली.

चेंडू उडाला. उंच गेला, सरळ गेला, आणि खांबांपाशी पोचता पोचता डावीकडे कलला. बाहेर.

मावशीची माळ थांबली. एल्रॉयने भिंतीकडे बघतच विचारलं, "काय झालं?" आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून त्याला कळलं.

विस्कॉन्सिनमध्ये पाहुणा निघतो म्हणजे आधी गुडघ्यांवर थाप मारून "चला तर मग" म्हणतो. मग अर्धा तास दारात, अर्धा तास अंगणात, मग गाडीची काच खाली करून आणखी गप्पा. त्या दिवशी थाप पडली आणि खोली रिकामी व्हायला लागली. ज्याचं त्याने आपापलं भांडं उचललं. जाता जाता सगळे चांगलंच बोलले.

"बटाटे फार छान झाले होते, आर्डिस."

"वारा होता. पश्चिमेकडून."

"वाऱ्यानेच बाहेर गेला तो. नाहीतर नसता गेला."

व्हर्ना मावशी मात्र दारात थांबली. नॉर्बची मान खाली ओढून तिने त्याच्या गालाचा मुका घेतला. "चष्म्याचं माफ कर बाळा," ती म्हणाली. "मी मनाने वाईट नाही. मॅचच्या दिवशी होते."

ड्वेन सगळ्यात शेवटी निघाला. बूट घालायला त्याला फार वेळ लागला. नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. नॉर्बकडे न बघता तो म्हणाला, "तो झेल पाहिलास ना? दुसऱ्या हाफमधला?"

"पाहिला. काय घेतला रे!"

"हं," ड्वेन म्हणाला. "मी ओरडलो, मग तूही ओरडलास. ऐकलं मी." मग टोपी कानांवर ओढून तो गेला.

घर शांत झालं. खिडकीबाहेर अंधारून येत होतं. आर्डिस सोफ्यावर बसून रडत होती. टीमसाठीच रडत होती, मनापासून, नाक शिंकरत. नॉर्बने कोटाची दुसरी बाही काढली आणि अपराध्यासारखा उभा राहिला.

"मी गेलो असतो तर..."

"तर जिंकलो असतो," आर्डिस म्हणाली.

"मग थांबवलंस कशाला?"

"आता ते विचारू नकोस. आधीच मला रडू येतंय." तिने डोळे पुसले. टीव्हीवर ती किक पुन्हा दाखवत होते, या वेळी हळू करून.

"बंद करू?" नॉर्बने विचारलं.

"नको. आणि तिथे दाराशी काय उभा आहेस? इकडे ये."

नॉर्ब सोफ्यावर, टीव्हीच्या अगदी समोर, तिच्या शेजारी बसला. दोघं बघत राहिले. चेंडू उंच गेला, सरळ गेला. नॉर्बला एक क्षण खरंच वाटलं, या खेपेला जाईल. त्याने आर्डिसचा हात घट्ट धरला. चेंडू डावीकडे कलला.

"जरासाच चुकला," नॉर्ब म्हणाला.

"जरासाच," आर्डिस म्हणाली. "थांब, दुसऱ्या बाजूने दाखवतायत."